गवत कापणारे यंत्र बिघडते तेव्हा

अमेरिकेत घराभोवती हिरवळ राखणे ही केवळ हौस नसते. गवत ठरावीक उंचीपेक्षा वाढू दिले तर घरमालकाला नोटीस पाठवणाऱ्या नगरपालिका तेथे पुष्कळ आहेत. जागा लहान असेल तर हाताने ढकलण्याचे यंत्र पुरते. हिरवळ अर्धा-एक एकर असेल तर मात्र लहानशा ट्रॅक्टरसारख्या, वर बसून चालवण्याच्या यंत्राने गवत कापतात. वसंतापासून शरदापर्यंत जवळजवळ दर आठवड्याला ते चालवावे लागते, आणि इतके राबणारे यंत्र केव्हा ना केव्हा बिघडतेच. कारागिराची मजुरी तेथे फार महाग असल्यामुळे पुष्कळ लोक पाना आणि कानस घेऊन स्वतःच दुरुस्तीला बसतात.

विद्यार्थी मित्रांनो, असे यंत्र तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. मग त्याच्या दुरुस्तीची हकीकत तुम्हाला का सांगायची? याला दोन कारणे आहेत. वर्तुळाकार गती, घर्षण, गुरुत्वमध्य, विद्युतचुंबक हे पाठ्यपुस्तकातले वेगवेगळे धडे या यंत्राच्या पोटात एकत्र नांदताना दिसतात, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. बिघाड शोधणे हा एक शास्त्रीय प्रयोगच असतो. लक्षण नीट पाहायचे, संभाव्य कारणांची यादी करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून यंत्रालाच प्रश्न विचारायचा. ज्याला हे जमले त्याला पिठाच्या गिरणीचा किंवा पाण्याच्या पंपाचा बिघाडही शोधता येतो. ज्याला जमले नाही तो एकामागून एक सुटे भाग विकत आणत राहतो.

विळा आणि काठी

गवत कापण्याच्या दोन रीती आहेत. शेतकरी एका हाताने मूठभर गवत धरतो आणि दुसऱ्या हाताने विळा ओढतो. गवत धरलेले असल्यामुळे विळा सावकाश ओढला तरी चालतो. कात्रीतही तसेच होते. एक पाते कापडाला आधार देते आणि दुसरे कापते. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या एडविन बडिंग याने १८३० साली हिरवळ कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले ते याच तत्त्वावर. लोकरीच्या कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. त्याच्या यंत्रात एका फिरत्या दंडगोलावरची पाती खालच्या स्थिर पात्याला लागून जात आणि मध्ये सापडलेले गवत कातरले जाई. क्रिकेटच्या खेळपट्टीवरील गवत आजही या जातीच्या यंत्राने कापतात.

दुसरी रीत तुम्ही स्वतः करून पाहिलेली असेल. पावसाळ्यात रस्त्याकडेच्या टाकळ्यावर बारीक काठी सपकन फिरवली की शेंडे तुटून पडतात. तीच काठी हळू फिरवली तर टाकळा नुसता वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. येथे झाडाला कोणी धरलेले नाही. वेगाने आलेल्या काठीपुढून बाजूला होण्याइतका वेळच त्याला मिळत नाही. त्याचे जडत्वच त्याला जागी धरून ठेवते. कोकणात हल्ली खांद्याला अडकवून चालवण्याच्या पेट्रोल-यंत्राने गवत कापताना दिसतात, तेही याच तत्त्वावर.

बसून चालवण्याच्या बहुतेक यंत्रांची पाती अशीच काठीसारखी काम करतात. म्हणून त्यांना मोठा वेग लागतो. किती मोठा, हे काढून पाहू.

डेकच्या पोटात

इंजिन आणि चाके बाजूला ठेवली तर गवत कापण्याचे सगळे काम यंत्राच्या पोटाखाली टांगलेल्या एका पत्र्याच्या पेटीत होते. पालथ्या परातीसारख्या दिसणाऱ्या या पेटीला डेक म्हणतात. डेक जेवढ्या रुंदीचा पट्टा कापतो त्यावरून त्याचे माप सांगतात. ४२ इंची डेक हा नेहमी आढळणारा प्रकार. त्यात साधारण २१-२१ इंचांची, म्हणजे सुमारे ५३ सें.मी. लांबीची दोन पोलादी पाती असतात. प्रत्येक पाते एका उभ्या आसाच्या खालच्या टोकाला बोल्टने घट्ट बसवलेले असते. आस दोन बेअरिंगांमध्ये फिरतो आणि त्याच्या वरच्या टोकाला, डेकच्या पाठीवर, एक कप्पी असते. इंजिनाच्या कप्पीवरून निघालेला एक लांब पट्टा या कप्प्यांभोवती फिरून सर्व पाती फिरवतो. स्प्रिंगने ओढून धरलेली आणखी एक कप्पी पट्ट्यावर ताण ठेवते. तिला आपण ताण-कप्पी म्हणू.

पाते मिनिटाला ३,००० फेरे करते असे धरू. म्हणजे सेकंदाला ५० फेरे. पात्याच्या टोकाच्या वर्तुळाची त्रिज्या ०.२६७ मीटर. एका फेऱ्यात टोक २ × ३.१४ × ०.२६७ = सुमारे १.६८ मीटर जाते. सेकंदाला ८४ मीटर. ताशी हिशेब केला तर हा वेग ३०० किलोमीटरवर जातो! अमेरिकेतील मानकाने पात्याच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६.५ मीटरची मर्यादा घातलेली आहे. त्याहून वेगाने उडालेला दगड किंवा तुटलेला तुकडा रोखून धरणे पेटीला अवघड जाईल, हा त्यामागचा विचार.

पाते नुसते कापतच नाही. त्याच्या दोन्ही टोकांची मागची कड पंख्याच्या पात्यासारखी वर वळवलेली असते. त्यामुळे डेकमध्ये हवेचा जोराचा झोत वर उठतो, आडवे पडलेले गवत उभे राहते, आणि कापलेले गवत बाजूच्या तोंडातून बाहेर फेकले जाते.

आधी किल्ली काढा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आणखी एक हिशेब करू. एका पात्याचे वस्तुमान सुमारे १ किलोग्रॅम असते. ३,००० फेऱ्यांच्या वेगात त्याची गतिज ऊर्जा सुमारे १,१७० ज्यूल भरते. (अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी जडत्व आघूर्णाचे सूत्र वापरून हा आकडा ताडून पाहावा.) १० किलोची गोणी चौथ्या मजल्यावरून, म्हणजे १२ मीटर उंचीवरून खाली पडली तर जमिनीवर आदळताना तिच्यात जवळपास एवढीच ऊर्जा असते. इंजिन बंद केले तरी ही ऊर्जा तत्क्षणी नाहीशी होत नाही. पाते काही काळ फिरतच राहते. या यंत्रांनी हातापायांची बोटे गमावलेली माणसे थोडीथोडकी नाहीत. म्हणूनच १९८२ सालापासून अमेरिकेत हाताने ढकलण्याच्या यंत्रांसाठी असा नियम आहे, की मुठीवरचा दांडा सोडताच पाते ३ सेकंदांच्या आत थांबले पाहिजे. बसून चालवण्याच्या यंत्रांत आसनाखाली विद्युत-कळ असते. पाती फिरत असताना माणूस उठला तर त्यांची चालना तुटते.

म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम असा: इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी, स्पार्क प्लगची तार काढून बाजूला करावी, ब्रेक लावावा आणि पाती पूर्ण थांबल्याची खात्री करूनच पुढचे पाऊल टाकावे. पाते फिरवताना जाड हातमोजे घालावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली कधीही शिरू नये. बहुतेक यंत्रांत पट्टा सोडवून आणि टांगणीच्या पिना काढून डेक बाजूने बाहेर ओढता येतो. तोच मार्ग उत्तम. हे काम जाणत्या माणसाचे आहे. तुम्ही त्याच्या शेजारी बसून पाहावे आणि विचार करावा.

गवत काय सांगते?

वैद्य नाडी पाहतो तसे दुरुस्ती करणाऱ्याने आधी कापलेल्या गवताकडे पाहावे. यंत्राला हात लावण्यापूर्वीच निम्मे निदान तेथे होते.

शेंडे पांढुरके आणि फाटलेले दिसत असतील, दुसऱ्या दिवशी हिरवळीवर तपकिरी झाक येत असेल, तर गवत कापले गेलेले नाही, ओरबाडले गेले आहे. याचा अर्थ पात्याची धार गेली आहे किंवा पात्याचा वेग कमी पडतो आहे.

कापलेल्या पट्ट्याच्या मध्यावर गवताची एक अरुंद रेघ उभी राहत असेल तर दोन पात्यांच्या मधल्या जागेकडे लक्ष द्यावे. दोन्ही पाती एका ओळीत असती तर त्यांच्या टोकांमध्ये थोडी फट राहिलीच असती. म्हणून एक पाते दुसऱ्यापेक्षा थोडे पुढे बसवतात, म्हणजे यंत्र पुढे जाताना दोघांच्या वाटा एकमेकींवर थोड्या येतात. टोके झिजून गोल झाली की ही व्याप्ती नाहीशी होते. यंत्र एकदम वळवतानाही व्याप्ती कमी होते. फक्त वळणावर रेघ राहत असेल तर यंत्रात दोष नाही.

पट्टा एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बुटका, उताराप्रमाणे कापला जात असेल तर डेक कललेला आहे. येथे पाना हातात घेण्याआधी चाकांतली हवा मोजावी. डेक यंत्राला टांगलेला असतो आणि यंत्र चाकांवर उभे असते. एका चाकातली हवा कमी झाली की डेकही कलतो.

उताराऐवजी पट्ट्याच्या मधोमध पायरी दिसत असेल, म्हणजे अर्धा पट्टा सपाट आणि उंच, अर्धा सपाट आणि बुटका, तर प्रकरण निराळे आहे. एक पाते दुसऱ्यापेक्षा खाली कापते आहे. त्याचा शोध कसा घ्यायचा ते पुढे येईल.

कापलेल्या गवताचे गोळे पडत असतील तर हवेचा झोत मंदावला आहे. ओले गवत डेकच्या आतल्या बाजूला थरावर थर चिकटून झोताची वाट अडवते. ते खरवडून काढले की बहुधा काम होते. पात्याचा वेग कमी झाल्यानेही असेच होते. झोताचे उचलण्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी घटला तर ०.८ × ०.८ = ०.६४, म्हणजे बल एक तृतीयांशाहून जास्त कमी होते.

दहा ग्रॅमचा धक्का

समजा, यंत्र चालू करताच आसन थरथरू लागते. पहिला संशय पात्याच्या तोलावर घ्यावा. दगडावर आपटून एका टोकाचा टवका उडाला, किंवा धार लावताना एक बाजू जास्त घासली गेली, की गुरुत्वमध्य मध्यावरच्या भोकापासून सरकतो. हे सरकणे किती महाग पडते ते पाहा. एका टोकाशी, २५ सें.मी. अंतरावर, फक्त १० ग्रॅम वजन जास्त आहे असे धरू. वर्तुळाकार गतीच्या सूत्राप्रमाणे त्याचे बल = वस्तुमान × कोनीय वेगाचा वर्ग × त्रिज्या = ०.०१ × ३१४ × ३१४ × ०.२५ = सुमारे २४७ न्यूटन. सुमारे २५ किलो वजनाइतका हा ओढा बेअरिंगला सेकंदाला ५० वेळा चहूकडे हिसके देत राहतो. एका पोस्टकार्डाच्या दोन-तीनपट वजनाने एवढा उत्पात होतो!

तोल तपासायला महाग उपकरण लागत नाही. भिंतीत एक खिळा आडवा ठोकावा आणि पाते मधल्या भोकातून त्यावर आडवे अडकवावे. जड बाजू खाली झुकते. त्या बाजूची धार कानशीने थोडी थोडी घासून पुन्हा अडकवावे. पाते आडवे स्थिर राहिले की तोल साधला. धार मूळच्याच कोनात लावावी. यांत्रिक सहाणेवर घाई केली तर कड तापून निळी पडते आणि पोलादाचे पाणी उतरते. मग ती धार टिकत नाही. ही गोष्ट आपल्या गावच्या लोहाराला पक्की ठाऊक असते.

तडा गेलेले किंवा वाकलेले पाते मात्र ठोकून सरळ करू नये. ते फेकून द्यावे. फिरत्या पात्याची दोन अर्धुके एकमेकांपासून दूर पळू पाहतात आणि पात्याचा मधला भाग त्यांना धरून ठेवतो. आपल्या १ किलोच्या पात्यात हा ताण सुमारे ६,५८० न्यूटन, म्हणजे जवळपास ६७० किलो वजनाइतका येतो. तेवढे वजन तडा गेलेल्या पोलादाला टांगून कोणी त्याच्याखाली उभे राहील काय?

पाते वाकडे की आस वाकडा?

आता त्या मधोमध पडणाऱ्या पायरीकडे वळू. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. त्याच्या यंत्राची हीच तक्रार होती आणि शिवाय ते थरथरतही असे. त्याने नवी पाती आणून बसवली. फरक पडला नाही. मग पट्टा बदलला. तरीही नाही. तिसरी खरेदी करण्यापूर्वी त्याने मला हिरवळीची छायाचित्रे पाठवली. मी त्याला कळवले, “आता काहीही विकत आणू नकोस. एक खडू आणि एक फूटपट्टी घे.”

प्रयोग असा. यंत्र सपाट फरशीवर उभे करून पहिला नियम पाळावा. एका पात्याच्या एका टोकावर खडूने खूण करावी आणि ते टोक डेकच्या कडेला आणून फरशीपासून त्याची उंची मोजावी. मग पाते अर्धा फेरा फिरवून दुसरे टोक बरोबर त्याच जागी आणावे आणि पुन्हा मोजावे. दोन्ही मापे एकाच जागी घेतल्यामुळे डेक कललेला असला तरी उत्तर बिघडत नाही. फरक ३ मि.मी.पेक्षा जास्त आला तर काहीतरी वाकलेले आहे. पण काय? पाते की आस? दोहोंचे लक्षण सारखेच दिसते.

म्हणून प्रयोगाचा दुसरा भाग करावा. आसावरही एक खूण करावी. बोल्ट सोडवून पाते आसावर अर्धा फेरा फिरवून उलट दिशेने बसवावे आणि सगळी मापे पुन्हा घ्यावीत. बदलली ती एकच गोष्ट: पात्याचे आसावरचे स्थान. पूर्वी खाली असलेले टोकच अजून खाली असेल तर दोष पात्याबरोबर फिरला, पाते वाकडे. आता दुसरे टोक खाली आले असेल, म्हणजे खालची बाजू आसावरच्या खुणेपाशीच राहिली असेल, तर आस वाकडा.

माझ्या विद्यार्थ्याच्या यंत्रात डाव्या पात्याची टोके सारखी होती. उजव्यात १० मि.मी. फरक होता, आणि पाते उलटवल्यावर खालची बाजू आसाच्या खुणेपाशीच राहिली. मग त्याला आठवले, की आदल्या वर्षी झाडाच्या उघड्या मुळावर आदळून पाती जागच्या जागी थांबली होती. १० मि.मी. फरक म्हणजे एक टोक सरासरीपेक्षा ५ मि.मी. खाली. पाते फिरताना हे खालचे टोक सगळे वर्तुळ झाडून काढते. म्हणून पट्ट्याचा तो अर्धा भाग ५ मि.मी.नी बुटका कापला जाई. हीच ती पायरी. आस आणि बेअरिंगांचा जोड बदलताच पायरीही गेली आणि थरथरही थांबली.

नवी पाती बसवली तेव्हाच त्याने निम्मा प्रयोग केला होता, हे तुमच्या ध्यानात आले का? पाती बदलूनही लक्षण जसेच्या तसे राहते, याचा अर्थ दोष पात्यांत नाही. यंत्राने उत्तर दिले होते. त्याने ते टिपून घेतले नाही.

बेअरिंगाची तपासणी याच वेळी उरकावी. पट्टा काढल्यावर आस हाताने फिरवून पाहावा. तो विनासायास आणि जवळजवळ निःशब्द फिरला पाहिजे. खरखर आली, किंवा पाते धरून वरखाली हलवताना खडखडले, तर बेअरिंग गेले असे समजावे.

पट्टा का घसरतो?

जाड गवतात शिरताच पाती मंदावतात, किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि जळक्या रबराचा वास सुटतो. पट्टा घसरतो आहे. ताण-कप्पीची स्प्रिंग तर ठीक आहे. मग काय झाले?

नावाडी होडीचा दोर खुंट्याभोवती गुंडाळून एका हाताने मोठी होडी रोखून धरतो. वेढ्यातल्या घर्षणामुळे दोराच्या दोन बाजूंच्या ताणांत मोठा फरक राहू शकतो. कप्पीवरचा पट्टाही असाच असतो. घर्षणांक ०.३ असलेला सपाट पट्टा कप्पीला अर्धा वेढा घालत असेल तर घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे २.६ पट होईपर्यंत तो घसरत नाही.

या यंत्राचा पट्टा मात्र सपाट नसतो. त्याचा छेद पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली अरुंद असतो, आणि कप्पीची खाचही तशीच निमुळती असते. पट्ट्यावर ताण आला की तो पाचरीसारखा खाचेत रुतून दोन्ही भिंतींवर दाबला जातो. लाकूड फोडताना पाचर किती जोर करते ते तुम्ही पाहिले असेल. या दाबामुळे घर्षण सुमारे तिपटीने वाढल्यासारखे होते आणि तेच २.६ चे गुणोत्तर सुमारे १७ पर्यंत जाते!

आता पट्ट्याच्या बाजू झिजल्या तर काय होईल? तो अधिकाधिक खोल बसत जाईल आणि एक दिवस खाचेच्या तळाला टेकेल. तळाला टेकलेली पाचर भिंतींवर दाब देऊ शकत नाही. पाचरीचा पट्टा आता सपाट पट्ट्यासारखा वागू लागतो आणि १७ पुन्हा २.६ कडे घसरतात. वरून पट्टा धडधाकट दिसेल, स्प्रिंगही ताणलेली असेल, पण शक्ती पोचणार नाही. म्हणून पट्टा पाहताना तो खाचेत किती खोल बसला आहे ते पाहावे. चांगला पट्टा खाचेच्या काठाशी जवळजवळ समपातळीत असतो आणि त्याच्याखाली मोकळी जागा असते.

नवा पट्टाही थोड्याच दिवसांत तुटला तर तिसरा आणण्यापूर्वी थांबावे. एखादी कप्पी वाकडी असेल, ताण-कप्पीचे बेअरिंग अडकले असेल, किंवा एखादा आस जड फिरत असेल. पट्टा तुटणे हा परिणाम आहे. कारण दुसरीकडे आहे.

पाती फिरतच नाहीत तेव्हा

पुष्कळ यंत्रांत पाती सुरू करण्यासाठी विद्युत-क्लच असतो. कळ दाबली की १२ व्होल्टच्या बॅटरीतून एका वेटोळ्यात प्रवाह जातो आणि तयार झालेला विद्युतचुंबक दोन तबकड्या एकमेकींवर खेचून धरतो. वेटोळ्याचा रोध ३ ओहम असेल तर ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह ४ अँपिअर. रोध मोजला आणि तो अनंत आला तर तार तुटलेली आहे. रोध बरोबर असेल तर आसनाखालची कळ आणि फ्यूज तपासावेत.

कधी कधी पाती सकाळी चांगली चालतात आणि अर्ध्या तासाने बंद पडतात. येथेही पाठ्यपुस्तक मदतीला येते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. वेटोळे ६० अंशांनी तापले तर रोध जवळजवळ ३.७ ओहम होतो आणि प्रवाह ३.२ अँपिअरवर येतो. चुंबकाचे खेचण्याचे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते सुमारे दोन तृतीयांशच उरते. नव्या क्लचला हे चालते. तबकड्या झिजून त्यांच्यामधली फट आधीच वाढलेली असेल तर मात्र चुंबक हरतो.

पुन्हा जोडताना

पात्याचे वर वळलेले पंख डेकच्या छताकडे असावेत. पाते उलटे बसवले तर धार असूनही गवत कापले जात नाही. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या बलाघूर्णाने आवळावा आणि आवळताना पाते लाकडाच्या ठोकळ्याने अडवावे. चाकांत योग्य हवा भरून मगच डेकची पातळी लावावी. डावी-उजवी बाजू समान असावी. पुढची कड मागच्यापेक्षा साधारण ३ ते १० मि.मी. खाली असावी. त्यामुळे गवत पुढच्या बाजूला एकदाच कापले जाते आणि मागे जाणाऱ्या टोकाला कापलेल्या गवतावर पुन्हा शक्ती खर्चावी लागत नाही.

तुम्ही करून पाहा

१) मध्यावर भोक असलेली लाकडी पट्टी खिळ्यावर आडवी अडकवा. एका टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी ओली माती लावा. किती लहान गोळीने पट्टी झुकते ते नोंदवा. भोक जरा मोठे किंवा खिळा गंजका असेल तर काय फरक पडतो? का?

२) जवळच्या पिठाच्या गिरणीत चालकाची परवानगी घेऊन, दुरूनच, पट्टा पाहा. तो सपाट आहे की पाचरीच्या आकाराचा? एकच पट्टा आहे की अनेक? पट्टा घसरला हे चालक कशावरून ओळखतो, ते त्याला विचारा.

३) यंत्र मिनिटाला १०० मीटर पुढे जाते आणि पाते मिनिटाला ३,००० फेरे करते. पात्याला दोन धारा आहेत. प्रत्येक धारेच्या वाट्याला किती सेंटिमीटर गवत येते? पट्टा घसरून फेरे २,००० झाले तर किती?

४) एका यंत्राचा डेक उजवीकडे कललेला आहे. एक माणूस मैदानाच्या कडेने गोल गोल फिरत गवत कापतो. दुसरा त्याच यंत्राने शेत नांगरल्यासारखा जाऊन-येऊन कापतो. पहिल्याच्या हिरवळीवर जवळजवळच्या पट्ट्यांमध्ये पायऱ्या दिसतात. दुसऱ्याच्या हिरवळीवर पायऱ्या दिसत नाहीत; कौलारू घरांच्या रांगेसारखे चढउतार दिसतात. असे का व्हावे? कागदावर पट्टे काढा, प्रत्येक पट्ट्याची बुटकी बाजू पेन्सिलीने रंगवा, आणि उत्तर शोधा.